चेक ट्रान्झॅक्शनचा पूर: १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कशामुळे अडलं

१२ एप्रिल २०२५ हा शनिवार होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास देशभरातून तक्रारी यायला लागल्या. यूपीआयने पैसे पाठवले की चक्र नुसतं फिरत राहायचं, मग ‘पेंडिंग’ दिसायचं आणि पुढे काही कळायचंच नाही. सगळं सुरळीत व्हायला काही तास गेले. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, २६ मार्चच्या संध्याकाळीही यूपीआय असंच अडखळलं होतं. त्यामुळे या वेळी ओरड जास्त झाली.

यूपीआय चालवणारी संस्था म्हणजे मुंबईची नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, अर्थात एनपीसीआय. तिच्या तपासातून जे कारण पुढे आलं, त्यात हॅकर नव्हता, तुटलेली केबल नव्हती, जळालेला सर्व्हरही नव्हता. ‘चेक ट्रान्झॅक्शन’ नावाची एक एपीआय आहे. एपीआय म्हणजे एका सिस्टिमने दुसरीकडे ठरलेल्या पद्धतीने काही मागायची सोय. ‘अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचं काय झालं?’ एवढंच ती विचारते. काही बँकांकडून या विचारणेचा लोंढा आला, तोही कित्येकदा जुन्या व्यवहारांसाठी, आणि त्याखाली मूळ व्यवस्थेचा वेग मंदावला.

एंटरप्राइझ इंटिग्रेशनचं, म्हणजे संस्थांच्या सिस्टिम एकमेकींना जोडण्याचं काम करणाऱ्यांनी हे प्रकरण नीट उलगडून बघावं असं आहे. दोन सिस्टिम जोडताना संदेशाचा साचा, सही, सर्टिफिकेट, एन्क्रिप्शन यांवर बैठकांमागून बैठका होतात. स्टेटस विचारण्याची एपीआय मात्र दस्तऐवजाच्या शेवटी एखाद्या पानात उरकलेली असते. ती काही बदलत नाही, पैसे हलवत नाही, नुसतं वाचते, तेव्हा तिच्यापासून धोका काय, असा हिशेब असतो. माझं म्हणणं असं की असिंक्रोनस, म्हणजे निकाल जागेवर न देता नंतर वेगळा कळवणाऱ्या रचनेत सगळ्यात धोकादायक एपीआय हीच असते, आणि परवानग्यांचा विचार करताना नेमकी तीच सुटते.

ऐंशी रुपयांचा प्रवास

मंडईत भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन करून कोणी ऐंशी रुपये पाठवले, असं धरू. मोबाइलमधल्या ॲपला एनपीसीआयशी थेट बोलता येत नाही. ॲपच्या मागे एक बँक असते, तिला पीएसपी बँक म्हणतात. ती ३५ अक्षरांचा व्यवहार क्रमांक तयार करते, एक्सएमएल या मजकुराच्या साच्यात पैसे पाठवण्याची ‘रेकपे’ विनंती बनवते, तिच्यावर डिजिटल सही करते आणि एचटीटीपीएसवरून एनपीसीआयच्या स्विचकडे, म्हणजे संदेश योग्य बँकेकडे वळवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पाठवते. स्विच लगेच उत्तर देतो, पण ते उत्तर म्हणजे नुसती पोच असते: कागद मिळाला. पैसे गेले की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

मग स्विच भाजीवाल्याच्या बाजूच्या पीएसपीला विचारतो, हा यूपीआय पत्ता कोणत्या खात्याचा? तिचीही आधी पोच येते, आणि खात्याचा तपशील नंतर वेगळ्या संदेशाने येतो. त्यानंतर पैसे देणाऱ्याच्या बँकेकडे डेबिटची विनंती, पोच, थोड्या वेळाने डेबिट झाल्याचा संदेश. मग घेणाऱ्याच्या बँकेकडे क्रेडिट, पुन्हा पोच, पुन्हा संदेश. शेवटी पहिल्या पीएसपीला अंतिम निकाल आणि भाजीवाल्याच्या बाजूला पुष्टी. ऐंशी रुपयांसाठी दोन्हीकडच्या पोच धरून डझन-दीड डझन कागद इकडून तिकडे जातात, आणि बहुतेक वेळा हे सगळं दोन-चार सेकंदांत आटोपतं.

ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे आणि ती योग्यच आहे. डेबिट होईपर्यंत स्विचने कनेक्शन धरून ठेवलं असतं, तर एक संथ बँक सगळ्यांना घेऊन बुडाली असती. पोच देऊन मोकळं व्हायचं आणि निकाल सवडीने वेगळा पाठवायचा, यामुळे प्रत्येक बँक आपापल्या वेगाने चालू शकते. वेब सर्व्हिसच्या कपड्यातलं हे मेसेजिंगच आहे. फरक एवढाच की मधे क्यू, म्हणजे संदेशांची रांग, उघड दिसत नाही, ती प्रत्येकाच्या घरात असते.

या रचनेची किंमतही आहे. सिंक्रोनस कॉलमध्ये, म्हणजे निकालापर्यंत थांबून राहणाऱ्या विनंतीत, उत्तर हो किंवा नाही असतं. इथे तिसरी अवस्था येते: माहीत नाही. पोच आली, निकाल आला नाही. पैसे कापले गेले असतील, नसतीलही. डेबिट झालं आणि क्रेडिटचा संदेश वाटेत अडकला असेल. ग्राहकाच्या भाषेत ‘खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत’. या तिसऱ्या अवस्थेतून बाहेर पडायची वाट म्हणून ‘चेक ट्रान्झॅक्शन’ ठेवली आहे. ठरलेली मुदत संपल्यावरच स्टेटस विचारावं, असं यूपीआयच्या मूळ तांत्रिक दस्तऐवजातच लिहिलेलं होतं. म्हणजे नियम होता. पण तो सांगितलेला होता, दारावर बसवलेला नव्हता.

पूर कसा येतो

मार्च २०२५ मध्ये यूपीआयवर सुमारे १,८३० कोटी व्यवहार झाले. दिवसाला ५९ कोटी, म्हणजे चोवीस तासांची सरासरी काढली तर सेकंदाला ६,८०० च्या आसपास. गर्दीच्या वेळी अर्थातच जास्त.

आता कागदावर एक हिशेब मांडू. यातले पुढचे आकडे त्या दिवशीचे नाहीत, यंत्रणा कशी वागते ते कळावं म्हणून घेतलेले आहेत. चांगल्या दिवशी शंभरातल्या एका व्यवहाराचा निकाल वेळेत येत नाही असं धरा. सेकंदाला ६८ व्यवहार अधांतरी राहिले, प्रत्येकासाठी एकदा विचारणा झाली, तर सेकंदाला ६८ प्रश्न. स्विचला ते जाणवतही नाहीत. काही कारणाने वेग मंदावला आणि पाचातला एक व्यवहार लटकायला लागला, तर दर सेकंदाला १,३६० नव्या व्यवहारांची भर पडते. दहा मिनिटांत ८ लाख १६ हजार व्यवहार लटकलेले असतील. विचारणारा प्रोग्राम उत्तर मिळेपर्यंत दर दहा सेकंदांनी विचारत असेल, तर सेकंदाला ८१,६०० प्रश्न झाले. मूळ वाहतुकीच्या बारापट, आणि तेही मूळ वाहतूक आधीच अडलेली असताना.

वाईट गोष्ट अशी की मंदावण्याचं मूळ कारण दहा मिनिटांत दूर झालं तरी हा भार उतरत नाही. प्रश्नांमुळे स्विच संथ, स्विच संथ म्हणून आणखी व्यवहार अधांतरी, ते अधांतरी म्हणून आणखी प्रश्न. बाहेरून कोणीतरी प्रश्न थांबवल्याशिवाय चक्र सुटत नाही.

त्यात थरांचा गुणाकार वेगळा. दुकानदाराचा सर्व्हर पेमेंट गेटवेला विचारतो, गेटवे बँकेला विचारतो, बँक एनपीसीआयला विचारते. प्रत्येक थर लिहिणाऱ्याने शहाणपणाने ‘उत्तर नाही आलं तर तीनदा प्रयत्न’ असं घातलेलं असतं. तीन थरांत तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीस प्रयत्न एका प्रश्नासाठी. प्रत्येकाचा कोड वेगळा वाचला तर कुठेच चूक सापडत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट पकडली जात नाही, कारण तिन्ही थरांचा रिव्ह्यू एकत्र करणारा माणूसच कुठल्या कंपनीत नसतो.

आणि ग्राहक? तो पुन्हा बटण दाबतो. तो तर नवा क्रमांक असलेला नवा व्यवहारच होतो.

जुन्या व्यवहारांबद्दलची विचारणा हा भाग मला सगळ्यात बोलका वाटतो. सेटलमेंटच्या, म्हणजे बँकांमधला हिशेब चुकता करण्याच्या फेऱ्या होतात तशा बँकांना व्यवहारांच्या फाइली मिळतात. कालच्या व्यवहाराचं काय झालं, याचं उत्तर त्या फाइलीत असतं. तरीही बँकेची एखादी रात्रीची किंवा सकाळची बॅच कालच्या लटकलेल्या व्यवहारांची यादी घेऊन थेट चालू स्विचला एकेक करून विचारत बसत असेल, तर ती ताळमेळाचं, म्हणजे नोंदी जुळवण्याचं काम पैसे पाठवण्याच्या रस्त्यावरून करते आहे. असं का होतं, हे कोणत्याही बँकेच्या आयटीत काम केलेला माणूस ओळखेल. फाइल वाचून जुळवणारी टीम वेगळी, एपीआय सांभाळणारी वेगळी. एपीआयवाल्यांना फाइल मागायची तर तिकीट काढावं लागतं, मंजुरी लागते. एपीआय हाताशीच असते.

दारावरचा पहारा: कोण, पण किती?

यूपीआयमधलं प्रवेश-नियंत्रण कच्चं होतं असं मुळीच नाही. उलट ते फार विचारपूर्वक केलेलं आहे. ॲप चालवणाऱ्या कंपनीला पीएसपी बँकेमार्फतच आत यावं लागतं. प्रत्येक संदेशावर सही असते, त्यामुळे कोणती संस्था बोलते आहे याबद्दल शंका राहत नाही. मोबाइल क्रमांक आणि हँडसेट यांची सांगड एसएमएसने घातलेली असते. यूपीआय पिन ॲपच्या स्वतःच्या चौकटीत टाइप होतच नाही. एनपीसीआयची सामायिक लायब्ररी तो घेते आणि तिथल्या तिथे एन्क्रिप्ट करते. तो ॲपलाही दिसत नाही, पीएसपी बँकेलाही नाही.

हे सगळे पहारे एकच प्रश्न विचारतात: तू कोण? १२ एप्रिलला आलेली प्रत्येक विचारणा या परीक्षेत उत्तीर्ण होणारी होती. बँका खऱ्या, सह्या खऱ्या, एपीआय वापरायची परवानगीही खरी. ज्याला आत यायचा अधिकार आहे त्याने दिवसातून किती वेळा यावं, गर्दीच्या वेळी यावं का, आणि कोणत्या कामासाठी यावं, हे विचारणारा पहारेकरी नव्हता, किंवा पुरेसा कडक नव्हता.

इथे एक अडचण आहे आणि ती खरीच अवघड आहे. एनपीसीआयच्या दाराशी ओळख बँकेची असते. एका बँकेच्या मागे अनेक ॲप असतात, शेकडो व्यापारी असतात. त्यांपैकी एकाचा प्रोग्राम बेभान झाला म्हणून बँकेलाच रोखलं, तर बाकीचे निष्पाप ग्राहकही अडकतात. बँक हे दार बंद झालं की मागचं सगळं बंद, याचा अनुभव मार्च २०२० मध्ये आला होता. ५ मार्चला येस बँकेवर निर्बंध आले आणि त्या वेळी यूपीआयसाठी तिच्यावर अवलंबून असलेलं फोनपे त्याच रात्री ठप्प झालं. दुसऱ्या बँकेमार्फत ते पुन्हा सुरू करावं लागलं. कारण अगदी वेगळं, पण रचनेचा स्वभाव तोच. मोठ्या ॲपांनी पुढे एकापेक्षा जास्त बँका जोडून घेतल्या, पण त्याने उपलब्धतेचा प्रश्न सुटतो, दाराशी ओळख पटवण्याचा नाही.

म्हणून मर्यादा घालायची ती नुसती संस्थेवर घालून भागत नाही. संस्था आणि एपीआय या जोडीवर घालावी लागते. अमुक बँकेच्या पैसे पाठवण्याच्या विनंत्यांना पूर्ण मोकळीक, पण तिच्या स्टेटसच्या विचारणांसाठी वेगळी, छोटी खिडकी. ती खिडकी तुंबली तर तुंबू दे, पैसे पाठवणारी रांग हलती राहिली पाहिजे. स्विचच्या आतही दोन्हींचे थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या वाटा), कनेक्शन, शक्य असेल तर डेटाबेसच्या प्रतीसुद्धा वेगळ्या हव्यात. रेल्वे स्थानकावर चौकशीची खिडकी तिकिटाच्या खिडकीपासून वेगळी ठेवतात, तेवढंच हे साधं आहे. पण एकाच गेटवेवर (प्रवेशद्वारावर) कनेक्शनच्या एकाच सामायिक साठ्यातून सगळ्या एपीआय चालवलेल्या मी जितक्या ठिकाणी पाहिल्या आहेत, त्यावरून हे साधंपण कोणाच्या लक्षात येत नाही असंच म्हणावं लागतं.

परिपत्रकं

२६ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात एनपीसीआयने वेळा बदलल्या. डेबिट आणि क्रेडिटच्या उत्तराची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर आणली. स्टेटस विचारणं आणि व्यवहार उलटवणं (पैसे मूळ खात्यात परत टाकणं) यांची ३० वरून १०, आणि यूपीआय पत्ता तपासण्याची १५ वरून १०. अंमल १६ जूनपासून. त्याच सुमारास स्टेटसच्या विचारणेलाही शिस्त घातली गेली: पहिली विचारणा व्यवहारानंतर ९० सेकंदांनी, आणि दोन तासांत जास्तीत जास्त तीन. काही ठरावीक एरर कोड आले तर व्यवहार फसला असं समजून मोकळं व्हायचं, पुन्हा विचारायचं नाही.

शेवटची सूचना ऐकायला किरकोळ वाटते, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. इंटिग्रेशनमधला अर्धा गोंधळ यातून होतो की एरर कोड आला तरी पुढच्या प्रोग्रामला कळत नाही, हा शेवटचा नकार आहे की तात्पुरती अडचण. खात्यात पुरेसे पैसे नाहीत हा शेवटचा नकार. त्यावर दहा सेकंदांनी पुन्हा विचारून शिल्लक वाढणार नाही. डेबिटच्या वेळी टाइमआउट ही खरोखर अनिश्चित अवस्था. या दोन्हींना ‘फेल’ नावाच्या एकाच कप्प्यात टाकणारा जोड-प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅडॅप्टर कुठेही सापडतो, आणि मग त्यावरचा रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न करणारा भाग, दोन्हींना सारखंच वागवतो. सेवा देणाऱ्यानेच कोणते कोड अंतिम ते लिहून दिलं की वाद मिटतो.

२१ मेच्या परिपत्रकात आणखी मर्यादा आल्या. त्या जुलैअखेरपर्यंत लागू करायच्या होत्या. एका ॲपवरून ग्राहकाला दिवसात ५० वेळा शिल्लक बघता येईल. मोबाइल क्रमांकाशी जोडलेली खाती शोधणं दिवसाला २५ वेळा. ऑटोपेचे, म्हणजे आधी दिलेल्या परवानगीने आपोआप कापले जाणारे हप्ते गर्दीच्या वेळा सोडून, म्हणजे सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री ९.३० या वेळा टाळून घ्यायचे, एक प्रयत्न आणि फसला तर आणखी तीन. वर्तमानपत्रांनी ‘आता शिल्लक ५० वेळाच बघता येणार’ असे मथळे दिले. लोक चिडले, वास्तविक हाताने दिवसात ५० वेळा शिल्लक बघणारा माणूस विरळाच. मर्यादेचं खरं लक्ष्य ग्राहकाने न मागता पार्श्वभूमीत ॲपनेच केलेले कॉल होते. परिपत्रकात माणसाने केलेली विनंती आणि सिस्टिमने आपणहून केलेली विनंती यांत फरक केला आहे. सिस्टिमच्या विनंत्या रांगेत लावून, वेगमर्यादा घालूनच पाठवतो असं हमीपत्र पीएसपींकडून मागितलं. हा फरक कोणत्याही कंपनीच्या एपीआय धोरणात असायला हवा. विनंतीच्या हेडरमध्ये ‘समोर माणूस थांबला आहे’ की ‘शेड्युलरने (ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) पाठवली’ एवढी एक खूण असली, तरी गर्दीच्या वेळी काय आधी सोडायचं आणि काय मागे ठेवायचं ते दारावरच ठरवता येतं.

शिल्लकीबाबत आणखी एक सूचना होती: यशस्वी व्यवहाराच्या उत्तरातच बँकेने उरलेली शिल्लक कळवावी. मला हा उपाय मर्यादेपेक्षा जास्त आवडला. लोक पैसे पाठवल्यावर शिल्लक बघतात. उत्तर आधीच हातात ठेवलं तर प्रश्न येतच नाही. स्टेटसच्या बाबतीतही हेच करता येतं. अनिश्चित अवस्थेतल्या व्यवहाराचा अंतिम निकाल लागला की स्विचने तो आपणहून पाठवायचा, समोरच्याने पोच दिली नाही तर वाढत्या अंतराने पुन्हा पाठवायचा, ठरलेल्या प्रयत्नांनंतर बाजूच्या क्यूमध्ये टाकून माणसाला दाखवायचा. विचारणाऱ्याला ‘अजून ठरलेलं नाही’ असं उत्तर द्यावं लागलंच, तर त्यासोबत ‘आता अमुक सेकंदांनंतर विचारा’ हेही लिहायचं. पुढची वेळ सर्व्हरने ठरवली की भार वाढताच ती वेळ लांबवता येते. क्लायंटच्या कोडमध्ये पक्की बसवलेली दहा सेकंदांची वेळ लांबवायला मात्र सगळ्या बँकांना रिलीज काढावी लागते.

एका मुद्द्यावर माझं मन साशंक आहे. मुदत ३० वरून १५ सेकंदांवर आणल्याने ग्राहकाला निकाल लवकर कळतो आणि स्विचमध्ये लटकलेल्या व्यवहारांची संख्या कमी राहते, हे खरं. पण एखाद्या बँकेच्या कोअर सिस्टिमला डेबिट करायला अठरा सेकंद लागत असतील, तर पूर्वी जो व्यवहार उशिरा का होईना यशस्वी झाला असता, तो आता स्विचच्या लेखी मुदतबाह्य आणि बँकेच्या लेखी डेबिट झालेला असेल. मग तो उलटवावा लागेल, आणि उलटवण्याची मुदत दहा सेकंद. ते तिथेही चुकलं तर प्रकरण ताळमेळाकडे गेलं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून खात्यात पाठवलेले (दुकानदाराला दिलेले नव्हे) पैसे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे स्विचवरचा भार हलका झाला आणि तोच संथ बँकेच्या ताळमेळ विभागाच्या टेबलावर जाऊन पडला. तिथे जास्त माणसं नेमायची की कोअर सिस्टिम जलद करायची, हा त्या बँकेचा निर्णय. बजेट बघता बहुतेक ठिकाणी आधी माणसं नेमली जातात.

परिपत्रक न पाळल्यास एपीआयवर निर्बंध, दंड, नवे ग्राहक घेण्यास मनाई अशा कारवाईची तरतूद ठेवली आहे. ही शिक्षा घटनेनंतरची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार २,००० कोटींवर गेले. सदस्य बँका शेकड्यांनी, प्रत्येकीचा कोड वेगळा, व्हेंडर वेगळा, रिलीजची तारीख वेगळी. त्या सगळ्या हमीपत्राप्रमाणे वागतील असं गृहीत धरून रचना करता येत नाही. चौथी विचारणा आली तर ती एक्सएमएल उघडून, सही तपासून, डेटाबेसपर्यंत नेऊन मग नाकारली तर नाकारण्यातच सगळी शक्ती गेली. विचारलेल्या व्यवहाराचा क्रमांक यूआरएलमध्येच, म्हणजे विनंतीच्या पत्त्यातच ठेवता येतो. तेव्हा गेटवेच्या पहिल्या पायरीवर, कनेक्शनच्या सर्टिफिकेटवरून संस्था आणि यूआरएलवरून क्रमांक ओळखून, मेमरीतल्या मोजणीवर ती तिथूनच परत फिरवता यायला हवी.